अर्जात ‘का?’ असा रकानाच नव्हता

पोलीस शिपाई भरतीच्या ऑनलाइन अर्जात तुमची सगळी कुंडली मांडून घेतात. जात, प्रवर्ग, नॉन-क्रिमिलेयर आहे का, प्रकल्पग्रस्त आहात का, भूकंपग्रस्त आहात का, होमगार्डमध्ये होता का, घरातलं कोणी पोलिसात आहे का, खेळाडू आहात का, अनाथ आहात का. मग फोटो, सही आणि फी. खुल्या प्रवर्गाला साडेचारशे, आम्हाला साडेतीनशे. पोलीस का व्हायचंय, हे मात्र कुठेच विचारत नाहीत. शिपाई पदाला मुलाखतही नसते. तेव्हा मला ते चमत्कारिक वाटलं होतं. आता वाटतं, बरंच आहे. कारण अर्ज सोडून बाकी सगळी दुनिया तेच विचारत होती, आणि खरं उत्तर कोणालाच नको होतं.

लग्नात भेटलेले पाहुणे विचारायचे, ‘‘पोलिसातच का गं? डीएड कर, बँकेचं बघ.’’ भरतीची तयारी करून घेणाऱ्या अॅकॅडमीत शनिवारी सर एकेकाला उभं करून विचारायचे. तिथे उत्तरं ठरलेली. देशसेवा, समाजसेवा, आई-वडिलांचं नाव, वर्दीची हौस. मीही उभी राहून ‘‘समाजसेवा, सर’’ म्हणून खाली बसायचे. खोटं नव्हतं ते, पण माझंही नव्हतं. माझी कारणं इतकी फुटकळ होती की चारचौघांत सांगायची लाज वाटायची. इथे सांगते.

माझी आत्या पंचवटीत राहते, काळाराम मंदिराच्या मागच्या अंगाला. सरदार चौक तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. 2003 च्या सिंहस्थात शाही पर्वणीच्या दिवशी त्या चौकात चेंगराचेंगरी झाली आणि 39 माणसं गेली. त्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता, पण आत्याकडे कोणीही मुक्कामाला आलं की रात्री तो विषय निघायचाच. गल्ली केवढीशी, उतार कसा, चपलांचा ढीग कुठे पडला होता, हे मला तिच्या तोंडून पाठ झालेलं.

2015 चा सिंहस्थ मी पाहिला. पहिली शाही पर्वणी 29 ऑगस्टला होती आणि त्याच दिवशी राखीपौर्णिमा. सकाळी रस्ते बंद होणार म्हणून पप्पा आम्हाला घेऊन आदल्या संध्याकाळीच आत्याकडे आले. त्या पर्वणीचा बंदोबस्त नाशिककर विसरायचे नाहीत. बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच अडवल्या, लोकांना मैलोन्‌मैल पायपीट, जिकडे बघावं तिकडे बॅरिकेड. शेवटी गर्दी अपेक्षेच्या मानाने इतकी कमी झाली की दुकानदारांनी पोलिसांच्या नावानं बोटं मोडली. येवल्याचे आमचे काका तर अर्ध्या वाटेवरूनच परत गेले. दुसऱ्या पर्वणीला हे निर्बंध सैल केले, तेव्हा कुठे लोक आले.

मला मात्र त्या दिवसाची वेगळीच गोष्ट लक्षात आहे. दुपारी दारात एक पोलीसबाई उभी. घामानं टोपीखालचे केस कपाळाला चिकटलेले. ‘‘काकू, बाथरूम वापरू देता का जी?’’ गोंदियाकडून बंदोबस्ताला आणलेली. तिच्या पॉइंटच्या आसपास बायकांसाठी सोय नव्हती आणि फिरतं शौचालय कुठे लावलंय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आत्यानं आत घेतलं. तिनं दारातच बूट काढले. ती आत गेल्यावर मी एक बूट उचलून पाहिला. एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. आत ओला होता आणि टाचेच्या जागी कापसाची घडी करून ठेवलेली. बाहेर आल्यावर आत्यानं चहा दिला, तो तिनं उभ्यानंच प्यायला. ‘‘बसली तं उठणार नाही मी,’’ म्हणाली. पहाटे तीनपासून दोर धरून उभी होती. जाताना तिनं कापूस नीट बसवला, नाडी बांधली, टोपी घातली आणि गल्लीच्या तोंडाला पुन्हा आधीसारखीच उभी राहिली.

संध्याकाळी काकांचा फोन आला. पोलिसांनी कसा छळ मांडलाय, वगैरे. आत्या ऐकून घेत होती. मग एवढंच म्हणाली, ‘‘त्या साली असे दोर लावले असते तर बरं झालं असतं.’’

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. त्या दिवशीच ठरवलं की पोलीस व्हायचं, असं म्हटलं तर ते अॅकॅडमीच्या शनिवारच्या भाषणात शोभेल. तसं काही झालं नाही. उलट ही नोकरी म्हणजे पायाला फोड आणि बाथरूमसाठी परक्याच्या दारात उभं राहणं, एवढंच मनात बसलं. पण त्याचा एक फायदा झाला. पुढे सगळे सिनेमातल्या पोलिसांबद्दल बोलायचे, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो ओला बूट असायचा. मला या नोकरीनं कधी फसवलं नाही.

दुसरी गोष्ट मी अकरावीत असतानाची. आई संध्याकाळी गिरणीतून दळण घेऊन येत होती. मोटरसायकलवर दोघं आले आणि मागच्यानं मंगळसूत्र ओढलं. चार काळे मणी तेवढे तिच्या ब्लाउजला अडकून राहिले. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. कोणतं ते लिहीत नाही. टेबलामागच्या माणसानं आधी विचारलं, सोन्याची पावती आहे का. नंतर म्हणाला, ‘‘अंधारात दागिने घालून कशाला फिरता?’’ आईला गाडीचा नंबर आठवेना, रंग आठवेना, चेहरे तर नाहीच. ‘‘काहीच दिसलं नाही म्हणता, मग लिहू काय?’’ आई रडायला लागली. रडण्यापेक्षा ओशाळली जास्त. चोरी तिनंच केल्यासारखी.

शेजारच्या खोलीतून एक महिला हवालदार आल्या. आईला खुर्ची दिली, समोर बसल्या आणि नंबर-चेहरा काही विचारलंच नाही. म्हणाल्या, ‘‘हातात काय होतं तुमच्या?’’

‘‘दळणाचा डबा. आणि मेथीची जुडी.’’

‘‘डबा पडला का?’’

‘‘पडला ना. बाजरीचं सगळं पीठ...’’

‘‘कुठल्या बाजूला पडला? उभ्या होतात तसं करून दाखवा.’’

आई उठली. डावा हात कमरेशी, उजवा मानेकडे गेला. ‘‘असा. म्हणजे ते मागून आले. उजवीकडून.’’

‘‘पीठ कोणाच्या अंगावर उडालं?’’

आई थांबली. तिचे डोळे असे झाले, जणू ती पुन्हा त्या रस्त्यावर गेली. ‘‘मागच्याच्या. त्याच्या पँटवर. काळी पँट होती, गुडघ्यापर्यंत सगळं पीठ झालं. आणि पायात चप्पल होती, बूट नाही. पांढरी चप्पल. पुढे जाऊन ते कॅनॉलकडं वळले.’’

बाईंनी तिथूनच गस्तीवरच्या पोलिसाला, बीट मार्शलला, फोन लावला. काळी पँट, गुडघ्यापर्यंत पीठ, पांढरी चप्पल, कॅनॉल रोडच्या दिशेनं. दहा मिनिटांपूर्वी काहीच न पाहिलेल्या माझ्या आईनं एवढं सगळं पाहिलेलं होतं.

मंगळसूत्र मिळालं नाही. आजतागायत नाही. पण घरी येताना आई रडत नव्हती. ‘‘मला सगळं आठवत होतं की गं,’’ असं दोन-तीनदा म्हणाली. मला चोर पकडण्यापेक्षा ते विचारणं आवडलं. असं विचारायला शिकवत असतील तर मला तिथे जायचंय, असं वाटलं. हे कारण मी कोणाला सांगितलं नाही. सांगून तरी काय सांगणार, पिठाचा प्रश्न आवडला म्हणून पोलीस व्हायचंय?

आणि तिसरं कारण पगार. ते मी आवाज चढवून सांगायला तयार आहे. पप्पा मार्केट यार्डात हमाली करतात. संध्याकाळी पालेभाज्यांचा लिलाव, मग रात्री मुंबईच्या गाड्या भरायच्या. पाठ धरली की त्या दिवशीची मजुरी नाही. शिपायाचं मूळ वेतन 21,700 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं. महिन्याच्या महिन्याला. पाठ धरली तरी. अॅकॅडमीत पगाराचं नाव काढलं की सर म्हणायचे, पैशासाठी येणारा पोलीस नको. मला हे कधी पटलं नाही. पगार पुरत नाही म्हणून हात पसरणारा पोलीस नको, असं म्हणा. पगारासाठी प्रामाणिकपणे कामाला येणाऱ्यात वाईट काय आहे?

बाकीच्यांची कारणं मला मैदानावर कळली. पहाटे धावून झाल्यावर स्ट्रेचिंग करताना माणूस खरं बोलतो. सुरगाण्याकडची एक मैत्रीण होती. घरी तिच्यासाठी स्थळं बघत होते. ‘‘वर्दी मिळाली तर दोन वर्षं तरी कोणी बोलणार नाही,’’ एवढंच तिचं गणित. निफाडच्या एकाच्या वडिलांची द्राक्षबाग गारपिटीत गेलेली आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर. दोघं-तिघं लष्करात जायची तयारी करणारे होते. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांचा हिशेब त्यांना जमेना, म्हणून इकडे वळले. देशसेवा म्हणणारेही होते, आणि त्यातले काही खरंच तसे होते. पण त्यांची संख्या शनिवारी जास्त असायची, सोमवारी पहाटे कमी.

मी पळायचे मखमलाबादच्या बाजूला, पाटाच्या कडेच्या रस्त्यानं. एकटी नाही. आम्ही पोरी घोळका करूनच निघायचो, कारण पहाटेच्या अंधारात दारूची रात्र न संपलेले लोक भेटतात. नाशिकच्या पोरीनं धावायला सुरुवात केली की प्रत्येक जण तिला कविता राऊतचं नाव ऐकवतो. सावरपाड्याची पोर, अनवाणी डोंगरात पळायची, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ. अभिमान आम्हालाही आहे. पण आम्हाला पळायचे होते 800 मीटर, आणि सुरुवातीला मी पाचशेलाच कठड्याला धरून ओकत होते, तेव्हा ते नाव ऐकून फार काही मदत होत नसे.

गोळ्यानं जास्त रडवलं. बायकांचा गोळा चार किलोचा, पुरुषांचा 7.260 किलोचा. चार किलो काय, आपण पाण्याचा हंडा उचलतो की, असं वाटतं. पण हंडा कमरेवर घ्यायचा असतो आणि गोळा मानेपासून ढकलायचा असतो. फेकायचा नाही, ढकलायचा. मी कितीतरी दिवस खांद्यानंच फेकत होते. अॅकॅडमीतल्या एका दादानं सांगितलं, ‘‘हातानं नको, उजव्या पायानं फेक.’’ वेड्यासारखं वाटलं. मग एकदा टाच वळली, कंबर वळली आणि गोळा आपसूक सुटला. त्या दिवसापासून अंतर वाढलं.

भरती होती 2022 ची. राज्यात चालक आणि राज्य राखीव पोलीस दल म्हणजे एसआरपी धरून 18,331 जागा आणि अर्ज 18 लाखांच्या घरात. एका जागेमागे शंभर जण. एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच शहर किंवा जिल्हा पोलीस दलात, अर्ज करता येतो, त्यामुळे कुठे भरायचा यावर मुदत संपेपर्यंत चर्चा. मुंबईला जागा जास्त, नाशिकला स्पर्धा कडक, अमुक जिल्ह्यात मेरिट खाली लागतं, वगैरे. या विषयावर जो तो ज्योतिषी. मी नाशिक ग्रामीणला भरला. आई-पप्पांपासून लांब जायचं नव्हतं, बाकी काही नाही.

नियम बदलला होता. आता आधी मैदानी चाचणी 50 गुणांची आणि मग लेखी 100 गुणांची. मैदानात निम्मे गुण हवेत, आणि प्रवर्गातल्या एका जागेला दहा या हिशेबानंच लेखीला बोलावतात. म्हणजे अभ्यासात कितीही हुशार असा, आधी पळून दाखवा.

ग्राउंड आडगावच्या ग्रामीण पोलीस मुख्यालयात, जानेवारीत. नाशिकची जानेवारीची पहाट ज्यानं अंगावर घेतली आहे त्याला वेगळं सांगायला नको. आम्ही काळोखातच पोचलो तर हायवेच्या कडेला बंद दुकानांच्या ओट्यांवर पोरी शाली पांघरून झोपलेल्या. मालेगाव, नांदगावकडून आदल्या रात्रीच आलेल्या. काहींच्या सोबत बाप, काहींच्या सोबत नवरा आणि कडेवरचं पोर. एकीनं पोराला दूध पाजलं, नवऱ्याकडे दिलं आणि रांगेत उभी राहिली. तिला किती गुण पडले कोणास ठाऊक. माझ्यापुरती ती पहिलीच होती.

गेटवर प्रवेशपत्र, आधार, अंगठा. मग उंची. बायकांना 155 सेंटिमीटर. इथे केस सोडायला लावतात, कारण अंबाड्यात दीड-दोन सेंटिमीटर लपतात. रांगेत पोरी भराभर पिना काढून तोंडात धरत होत्या. पट्टीखाली टाच टेकलेली हवी, पाठ भिंतीला. माझ्या पुढच्या पोरीला पट्टी टेकली आणि मॅडम थांबल्या. पुन्हा टेकवली. ‘‘बाळा, नाही बसत.’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, सकाळी घरी मोजली होती.’’ तिला अपील करायला सांगितलं. दुसरे अधिकारी आले, त्यांनी मोजली. तेवढीच. ती पोर काही बोलली नाही. पिना पुन्हा एकेक करून लावल्या, अंबाडा घातला आणि बाहेर गेली. तिचं कारण काय होतं, समाजसेवा की कर्ज की लग्न, पट्टीला काय घेणंदेणं?

शंभर मीटरबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शिट्टी झाली, संपलं. गोळ्याला पहिला प्रयत्न फाऊल गेला, कारण फेकल्यावर तोल जाऊन पाय रेषेवर पडला. दुसऱ्या वेळी उजवी टाच आठवली.

800 मीटर म्हणजे दोन राऊंड. 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत आलात तर 20 पैकी 20. छातीवर नंबर, बाजूला कॅमेरे, चित्रीकरण चालू. मोटिव्हेशनल व्हिडिओत सांगतात की शेवटच्या राऊंडला आई-बापाचा चेहरा आठवा. मी प्रयत्न केला. दुसऱ्या राऊंडच्या वळणावर आई नाही, पप्पा नाहीत, गोंदियाची ती बाई नाही, काहीही आठवत नाही. पुढच्या पोरीच्या वेणीला लाल रबर होतं, तेवढंच दिसत होतं. त्या रबराच्या मागे मी पळाले. वीस मिळाले नाहीत, पण जे मिळाले ते चालण्यासारखे होते. रेषा ओलांडून मी खाली बसले तर एक महिला शिपाई ओरडली, ‘‘बसू नको, चालत राहा!’’ आणि दंडाला धरून तिनं मला चालवलं.

गुण तिथल्या तिथे समजतात, ही मात्र या भरतीतली सर्वात चांगली गोष्ट. सही करायच्या आधी कागद दाखवतात. आमच्या घरात आजवर कुठल्याही सरकारी कामाचा निकाल त्याच दिवशी लागला नव्हता.

लेखी 2 एप्रिल 2023 ला झाली, रविवारी. 90 मिनिटं, 100 प्रश्न. अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण. मी बारावी कला शाखेची. नळ-टाकी आणि काळ-काम-वेगानं माझा जीव खाल्ला होता. अभ्यासिकेत शेजारी बसणारा इंजिनीअर पोरगा मला गणित शिकवायचा आणि मी त्याला समास. इंजिनीअर शिपाई भरतीला कशाला, असं विचारू नका. त्यालाही सगळे तेच विचारायचे.

लेखीच्या बाबतीत माझी एक तक्रार आहे. माणसाशी बोलता येतं का, घाबरलेल्या माणसाला बोलतं करता येतं का, हे शंभर प्रश्नांत कुठेच तपासलं जात नाही. दिवसभर ज्याला लोकांचंच ऐकायचंय, त्याला गाडी बोगद्यातून किती सेकंदांत जाईल तेवढंच विचारतात. अर्थात 18 लाख लोकांचं बोलणं तपासायचं कसं, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. आणि तपासायला लागले तर ओळखी-वशिल्याला दार उघडेल, ते निराळंच. त्यापेक्षा बोगदा परवडला.

तात्पुरत्या निवड यादीत नाव आलं, तेव्हा पप्पा मार्केटमध्ये होते. फोनवर म्हणाले, ‘‘नीट बघ, त्या नावाची दुसरी कोणी नसेल ना?’’ चेस्ट नंबर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी फोन शेजारच्या हमालाकडे दिला आणि त्याला मी पुन्हा वाचून दाखवला. माझी सुरगाण्याची मैत्रीण लेखीत मागे पडली. तिचं लग्न त्याच वैशाखात झालं. त्याबद्दल मला जास्त काही लिहिता येत नाही.

मग कागदपत्रं. यात माणसं ग्राउंडपेक्षा जास्त गळतात, हे कोणी सांगत नाही. नॉन-क्रिमिलेयरची मुदत, डोमिसाइलवरचं आडनाव, दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावातला एक काना कमी. तयारी करणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे. पळायला आज नाही उद्या सुरू करा, पण सेतू कार्यालयात आधी जा. सिव्हिल हॉस्पिटलची वैद्यकीय तपासणी त्या मानानं सोपी. डोळे, कान, रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखा, झालं.

शेवटची पायरी चारित्र्य पडताळणीची. साक्षांकन नमुना भरून द्यायचा. आजवर कुठे-कुठे राहिलात, गुन्हा दाखल आहे का, ओळखणारी दोन माणसं कोण. मग ठाण्यातून माणूस चौकशीला येतो. आमच्याकडे दुपारी एक वयस्कर हवालदार आले, तर सगळी चाळ दारात. शेजारच्या काकूंनी आईला दबक्या आवाजात विचारलंसुद्धा, ‘‘काय झालं? भावजींचं काही भांडण-बिंडण?’’ आईचीही तारांबळ. दोन वर्षं मी हीच नोकरी मिळावी म्हणून पळत होते आणि खाकी दारात दिसल्यावर आईनं आधी देवासमोर हात जोडले.

हवालदारकाकांनी घर बघितलं, रेशनकार्ड बघितलं, मग काकूंनाच विचारलं, ‘‘पोरगी कशी आहे?’’

काकू म्हणाल्या, ‘‘पोरगी सोन्यासारखी आहे हो साहेब. फक्त पहाटे अंधारात बाहेर पडते आणि दिवस उजाडल्यावर घामाघूम होऊन येते. कुठं जाते ते आम्ही काही विचारलं नाही.’’

हवालदारकाका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हे काकू सही-सही लिहा म्हणत होत्या, त्यांनी लिहिलं नाही.

चहा होईपर्यंत दारात पाच-सहा जण जमले होते आणि मी पोलीस व्हावं याची त्यांचीही आपापली कारणं निघाली. वरच्या मजल्यावरच्या काकांना हेल्मेटचा दंड माफ करून हवा होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला दुकानासमोर लावलेल्या रिक्षा उठवायच्या होत्या. काकूंनी चौकशीच्या कागदावर सही करायला पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. ‘‘आता तू तिकडंच आहेस तर आमच्या राहुलच्या पासपोर्टचं जरा बघ ना. कधीपासून अडकलंय.’’

मी काही बोलायच्या आत हवालदारकाका म्हणाले, ‘‘अजून ती कुठंच नाहीये, वहिनी. सही करा.’’

काकूंनी केली. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, ‘‘दोन पासपोर्ट साइज फोटो आणि रेशनकार्डाची झेरॉक्स उद्या अकराच्या आत ठाण्यात आणून दे. झेरॉक्स दोन्ही बाजूंची काढ, सगळे एकाच बाजूची आणतात.’’